ह्वालीहूशाओ

कॅरी, ९ सप्टेंबर २००६

प्रिय पद्मा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. ईमेल कर म्हणतेस, पण रोमन लिपीतलं मराठी वाचताना मला भातात खडे लागल्यासारखं होतं. पत्रच बरं.

गणपती झाले. यंदा मंडळानं गणपतीला महाल केला होता. थर्मोकोलचा, दोन मजली. खांबांवर मोर, मोरांच्या डोळ्यांत लुकलुकणारे लाल दिवे, आणि आरतीच्या वेळी मागून धूर सोडणारं एक यंत्र. धूर इतका झाला की शाळेच्या हॉलचा फायर अलार्म वाजला आणि उरलेली आरती आम्ही पार्किंग लॉटमध्ये म्हटली. गणपती आत, धुरात एकटाच.

त्या महालाचा फोटो मी ऑफिसात लियानला दाखवला. लियान म्हणजे शेजारच्या क्युबिकलमधली, नानजिंगची. माझ्यासारखीच औषधांच्या चाचण्यांचे अहवाल तपासते. तिनं फोटो लांब धरला, नाक किंचित आक्रसलं आणि म्हणाली, "ह्वालीहूशाओ." मी अर्थ विचारला. गरजेपेक्षा जास्त सजवलेलं, रंगीबेरंगी, नजरेत घुसणारं आणि आत काही नसलेलं. आपल्याकडे भडक आहे, बटबटीत आहे, भपकेबाज आहे. पण ते शब्द वस्तूला लागतात. हा शब्द ती वस्तू करणाऱ्यालाही लागतो, त्यानं घेतलेल्या कष्टांनाही. निदान लियानच्या नाकावरून मला तसं वाटलं.

तेव्हापासून हा शब्द माझ्या तोंडात बसलाय. हिमानीनं नवं घर घेतलं, दारात दोन रोमन खांब. छत त्या खांबांवर टेकलेलंच नाही, मी मान वर करून पाहिलं. ह्वालीहूशाओ. रवीच्या पन्नाशीची पत्रिका उघडली की सनई वाजते, मिटली तरी वाजत राहते. आमच्या अतुलनं ती शेवटी फ्रीझरमध्ये टाकली. ह्वालीहूशाओ.

लोकांना हसण्यात मला एवढी मजा का येते, हे डायरीत लिहायला बसले होते. दोन ओळींच्या पुढे गेलं नाही.

इशिता काय म्हणते?

तुझी,
नीलू


डब्लिन, ओहायो, २ ऑक्टोबर २००६

प्रिय नीलू,

हा शब्द पाठवलास, तुला त्याबद्दल काय देऊ? काल मॉलमध्ये मनातल्या मनात इतका वापरला की गुरुनाथ म्हणाला, तुझे ओठ का हलतायत? आमच्या समोरच्या घरी हॅलोविनसाठी हवा भरून उभी राहणारी चेटकीण आली आहे. सकाळी हवा काढली की लॉनवर पालथी पडलेली असते. गुरुनाथ रोज ऑफिसला निघताना तिच्याकडे बघून म्हणतो, "हिची मजा आहे यार."

आता बातमी. इशिताचं लग्न ठरलं. एरिकशीच. एरिक शेन, तू गेल्या वर्षी आमच्याकडे भेटली होतीस, उंच आणि कमी बोलणारा. त्याचे आईवडील मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला असतात. वडील पुलांचे इंजिनियर, आई शाळेत गणित शिकवते. मे महिन्याच्या शेवटच्या वीकेंडला लग्न. जागा पोरांनी ठरवली, जुनं धान्याचं कोठार आहे, लग्नांना भाड्यानं देतात. फुलं पांढरी. नॅपकिन 'सेज' रंगाचे, म्हणजे धुऊन धुऊन विटलेला हिरवा. मेनू ठरला, भटजी ठरले, विधी थोडक्यात. मी विचारलं, "मी काय करू?" तर इशिता म्हणते, "आई, यू जस्ट एन्जॉय." नीलू, पोटच्या मुलीच्या लग्नात नुसतं एन्जॉय करण्याइतकं वाईट काम दुसरं नाही.

म्हणून मी रुखवत करायला घेतलंय. इशितानं हो म्हटलं. बाकी सगळं त्यांचं, हे एक टेबल माझं. बेसमेंटमधलं पिंगपाँगचं टेबल गुरुनाथनं मला दिलंय आणि स्वतः वरच्या मजल्यावर हद्दपार झालाय. आतापर्यंत हळकुंडांची बैलगाडी झाली. सुपाऱ्यांचे भटजी आणि करवल्या झाल्या. शेवयांचं घर झालं. सप्तपदीची पावलं मॅकरोनीची केली, वर सोनेरी स्प्रे. आणि नारळाची नवरानवरी. नवऱ्याला फेटा आणि एरिकसारखा चष्मा!

फोटो सोबत आहेत. शेन मंडळी काय म्हणतील याची जरा धाकधूक वाटते. तुझी नजर चांगली, दिवसभर लोकांच्या चुका काढतेस. खरं काय ते सांग.

पद्मा


कॅरी, २८ ऑक्टोबर २००६

प्रिय पद्मा,

इशिताचं मनापासून अभिनंदन. एरिक मला आवडला होता. जेवून झाल्यावर न सांगता ताट धुणारा मुलगा आपल्या ओळखीत दुसरा नाही.

आता रुखवत. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. पहिल्यात मी 'छान' म्हटलं होतं आणि ते खोटं होतं. दुसऱ्यात काहीच म्हटलं नव्हतं आणि ते त्याहून खोटं होतं. तू खरं विचारलंस, म्हणून लिहिते.

शेवयांच्या घराला टिकल्यांच्या खिडक्या आहेत. कशासाठी? बैलांच्या शिंगांना चमकी, चाकांना मोती, कासऱ्याला जर. हळकुंड ही किती देखणी वस्तू, ती दिसतच नाही. नारळाच्या नवरीला पापण्या आहेत. पापण्या, पद्मा! सोनेरी मॅकरोनीबद्दल मी काही बोलत नाही, कारण बोलायला लागले तर थांबणार नाही. हिमानीच्या खांबांना हसायचं आणि तुझ्या बैलगाडीला वा म्हणायचं, हे मला जमणार नाही. दोन्हींत मला फरक सांगता येत नाही.

लियानला फोटो दाखवले. तोच शब्द आला.

शेन मंडळींचा विचार कर. पुलांचा इंजिनियर आणि गणिताची शिक्षिका. एकही वीट जास्त न लावणारी, एकही पायरी कमीजास्त न करणारी माणसं. ती सभ्यपणे हसतील, "व्हेरी नाइस" म्हणतील आणि गाडीत बसल्यावर तो शब्द उच्चारतील. तुझ्याबद्दल कुणी तो शब्द वापरावा हे मला सहन होणार नाही. लाडू-चिवडा ठेव, एक समई ठेव, आणि बास.

हे लिहिताना मी तुझी लाज वाचवतेय की स्वतःची, असं स्वतःला विचारलं. तुझीच, असं उत्तर आलं. ते खरं असावं.

रागावू नकोस.

नीलू


डब्लिन, २० नोव्हेंबर २००६

प्रिय नीलू,

पत्र मिळालं. तुझं म्हणणं बरोबर असेल. सगळं खोक्यांत भरून गराजमध्ये ठेवलं. गुरुनाथला पिंगपाँगचं टेबल परत मिळालं. त्याला खेळायला कुणी नाही, ते वेगळं.

रुखवत रद्द झालं हे शेन मंडळींना सांगायला इशिताला अजून वेळ झाला नाही. सांगायचं तरी काय आहे म्हणा.

इथे थंडी सुरू झाली. चेटकीण गेली, तिच्या जागी थँक्सगिव्हिंगचा टर्की पक्षी आलाय. तोही हवेचाच.

पद्मा


कॅरी, १० डिसेंबर २००६

प्रिय पद्मा,

तू ऐकलंस, आणि इतक्या समजुतीनं ऐकलंस, याचं मला फार बरं वाटलं. एवढी मेहनत बाजूला ठेवायला मन मोठं लागतं. मी अतुललाही तसं म्हटलं. तो म्हणाला, "ती चिडलीय." मी म्हटलं, पद्माला तू ओळखत नाहीस. ती चिडली तर चार पानं लिहिते.

इथे नाताळचे दिवे लागलेत. कोपऱ्यावरच्या घरानं छतावर आठ रेनडिअर चढवलेत, त्यांतले तीन बंद पडलेत आणि अंधारात उरलेल्यांची शेपटं तेवढी चालतात. त्या घरासमोर गाड्यांची रांग लागते, मुलं काचेला नाक लावून बघतात. मी रांगेत अडकले होते, म्हणून बघितलं.

परवा फोनवर तुझा आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी आहे का? तुझं पत्र इतकं लहान का होतं, हे मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी विचारते.

नीलू


डब्लिन, ११ मार्च २००७

नीलू,

चार पानं हवी होती ना? घे.

शेन पतिपत्नी एरिकबरोबर गेल्या शनिवारी आमच्याकडे आले. त्यांच्यात मुलाकडच्यांनी लग्नाआधी मुलीच्या घरी भेटी घेऊन जायची पद्धत आहे. गाडीच्या डिकीतून लाल डबे निघाले, एकावर एक. डब्यांवर सोनेरी ड्रॅगन, ड्रॅगनच्या डोळ्यांत काचेचे मणी, कोपऱ्याकोपऱ्याला लाल गोंडे. आत चहा, खजूर, सुकामेवा, आणि एक साटीनची रजई. रजईवर बदकांची जोडी, बदकांच्या पंखांना टिकल्या. गोंडे मिसेस शेननी स्वतः विणलेले, हिवाळाभर, शाळेचे पेपर तपासून झाल्यावर. तुझी एकही पायरी कमीजास्त न करणारी गणिताची बाई, नीलू. तिनं गोंड्यालासुद्धा गोंडा लावला होता.

सगळं मांडून झाल्यावर ती हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "इशिता म्हणाली, तुमच्याकडे पण असं टेबल असतं. मी बघू का?" तिचा चेहरा, नीलू! वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारखा.

मी म्हटलं, टेबल रद्द केलं. साधंच करायचं ठरवलंय.

"ओह," ती म्हणाली. मिस्टर शेननी चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. मग आम्ही ट्रॅफिकबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी इशिता रडतच आली. एरिकच्या आईनं गाडीत एरिकला विचारलं, मुलीच्या आईनं काहीच केलं नाही, म्हणजे तिला हे लग्न पसंत नाही का? आपण चिनी आहोत म्हणून का? त्यांच्या गावी आई लेकीबरोबर काही मांडून पाठवत नाही ती फक्त लग्नाला विरोध असला तर. मी लगेच फोन केला. ती फार सभ्यपणे बोलली. "तुमची पद्धत आम्हाला मान्य आहे," म्हणाली. इशिता मला म्हणते, "आई, मी तिला तुझ्या बैलगाडीचं सांगितलं होतं. शी वॉज सो एक्सायटेड." आता पोरीनं सासरी पाय ठेवायच्या आधीच सासूच्या मनात हे बसलंय, आणि ते बसवलं मी.

नाही, तू बसवलंस. एका लियानच्या नाकावरून तू अख्ख्या देशाची आवड ठरवलीस. आणि हो, तू लिहिलं होतंस, 'तोच शब्द आला.' कुणाच्या तोंडून आला, ते लिहिलं नाहीस. असं वाक्य दुसऱ्यानं लिहिलं असतं तर तू त्याला लाल शाईत बुडवला असतास. तुला वाटतं तू खरं बोलतेस. तू फक्त नाक मुरडतेस आणि त्याला खरेपणा म्हणतेस. मला थर्मोकोलचे मोर परवडले. निदान ते कुणाकडे बघून नाक मुरडत नाहीत.

आज गराजमधली खोकी उघडली. थंडीनं सगळा डिंक तडकलाय. शेवयांच्या घरात उंदीर राहून गेले आणि जाताना भिंतीही खाल्ल्या. नारळाचा नवरा मधोमध फुटला. भटजी तेवढे शाबूत आहेत. सगळं पुन्हा करायचंय, आणि ग्लू गन दाबून दाबून माझं मनगट कामातून गेलंय.

म्हणून एप्रिलमध्ये सुट्टी घे आणि ये. मी सांगीन ते चिकटवायचं. आणि लग्नात त्या टेबलापाशी तूच उभी राहायचंस. येईल त्याला प्रत्येक वस्तू समजावून सांगायची, तुझ्या त्या चांगल्या इंग्रजीत. तोंडावर काही दिसता कामा नये.

पद्मा


कॅरी, १७ मार्च २००७

प्रिय पद्मा,

येते. विमानाचं तिकीट काढलं.

शब्द माझ्या तोंडून आला. मी लियानसमोर फोटो ठेवले आणि मीच विचारलं, "ह्वालीहूशाओ, नाही?" ती हसून "व्हेरी" म्हणाली. मग तिनं फोटो पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. बैल कशाचे केलेत, विचारलं. एक फोटो आईला पाठवायला मागितला. मी म्हटलं, "तुला हे आवडलं? एवढं भडक?" तर ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत म्हणाली, "लग्न आहे ना?" जसं काही मी पावसात छत्री कशाला असं विचारलं होतं.

हे मी तुला लिहिलं नाही. त्या वेळी ते महत्त्वाचं वाटलं नाही, असं मी परवापर्यंत स्वतःला सांगत होते. महत्त्वाचं वाटलं होतं, म्हणूनच गाळलं.

तू लिहिलेल्या बाकीच्या गोष्टींवर मी विचार करतेय. नाक मुरडण्याबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे. पण मत बदललंय असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. ती बैलगाडी मला आवडत नाही. पापण्या मला बघवत नाहीत. चिकटवीन.

नीलू


डब्लिन, ५ जून २००७

प्रिय नीलू,

घर रिकामं झालं. पाहुणे गेले, लाडू संपले, कोठारवाल्यांनी हळदीच्या डागांबद्दल एक ईमेल पाठवलाय तो गुरुनाथ बघेल.

एप्रिलमध्ये तू आमच्या बेसमेंटमध्ये बसून जे तोंड केलं होतंस ते मी विसरणार नाही. प्रत्येक मोत्याला "हा इथे हवाच का?" आणि मी "हवाच" म्हटल्यावर असा उसासा, जसं काही मी तुझ्याकडून खोट्या कागदावर सही घेतेय. पण तुझी चाकं माझ्यापेक्षा गोल झाली. हे एकदाच सांगते.

लग्नाच्या दिवशी तू तोंड सांभाळलंस. मी बोहल्यावरून बघत होते. गुरुनाथ म्हणाला, "भटजींकडे बघ, नीलूकडे काय बघतेस?" मिसेस शेन किती वेळ तिथे होती! चष्मा लावून, वाकून. मंगलाष्टकं सुरू झाली तरी दोघी टेबलाच्या टोकाला काहीतरी करत होतात, आणि एकदा तिनं तुझा हात धरला. जाताना तिनं मला मिठी मारली, खरी, सभ्य नव्हे. पण बोलली काही नाही.

तुमचं काय चाललं होतं? सगळं लिही. गाळू नकोस.

पद्मा


कॅरी, १२ जून २००७

प्रिय पद्मा,

सगळं लिहिते.

सुरुवातीला आपलीच माणसं आली. सुमेधा हातात सामोशाची प्लेट घेऊन आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "काय गं हे, गावाकडच्या प्रदर्शनासारखं! कोण करतं आता असलं?" हे वाक्य ऑक्टोबरमध्ये मीच लिहिलं असतं, याहून बरं. मी म्हटलं, "सुमेधा, चटणी बैलांवर सांडतेय, मागे हो." ती मागे झाली आणि फणकाऱ्यानं निघून गेली. मला ते चाललं.

मग मिसेस शेन आल्या. त्यांनी हळकुंड हुंगलं. भटजींच्या शेंड्या कशाच्या, विचारलं. मी सांगितलं, मक्याच्या कणसाच्या. नारळाच्या नवऱ्याचा चष्मा बघून त्यांनी मिस्टर शेनना खुर्चीवरून उठवून आणलं आणि दोघं चिनी भाषेत काहीतरी बोलून इतके हसले की मिस्टर शेनना डोळे पुसावे लागले. त्या बोलण्यात आपला तो शब्दही मला ऐकू आला. पद्मा, तो त्यांनी हसत, मान डोलावत म्हटला. त्यात तिरस्कार होता का? मी फार लक्ष देऊन ऐकलं. असला तरी लेकराचा गालगुच्चा घेताना असतो तेवढाच होता.

"हे सगळं आईनं केलं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दोनदा केलं. पहिलं उंदरांनी खाल्लं आणि त्याला कारण मी होते. मग त्यांना सगळं सांगितलं, रद्द का झालं तेही. तू तसं करायला सांगितलं नव्हतंस. त्या ऐकत राहिल्या. "म्हणजे तिनं केलं होतं," एवढंच म्हणाल्या, दोनदा.

आता जे तुला माहीत नाही ते. एप्रिलमध्ये तू मनगटासाठी डॉक्टरकडे गेलीस त्या दुपारी मी एक वस्तू माझी म्हणून केली. सुतळीचं तोरण. आंब्याच्या पानांच्या जागी सुतळीचीच विणलेली पानं. रंग नाही, मणी नाही, चमकी नाही. मला वाटलं, त्या टेबलावर डोळ्यांना टेकायला एक जागा असावी. तुला न विचारता मी ते टोकाला ठेवलं. अख्ख्या रुखवतात मला तेवढंच बघवत होतं.

मिसेस शेन शेवटी तिथे आल्या. तोरण उचललं, उलटंपालटं केलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "हे पूर्ण करायला वेळ नाही मिळाला का?"

मला सांगता आलं असतं की ते पूर्ण आहे. साधेपणावर मी चांगलं बोलू शकते, तुला माहीत आहे. समोर अंतरपाट धरला होता, इशिताच्या मुंडावळ्या नाकावर येत होत्या आणि ती त्या फुंकून बाजूला करत होती.

"नाही मिळाला," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "आहे वेळ," म्हणाल्या. पर्समधून लाल गोंडे काढले, उरलेले असावेत, आणि सोनेरी दोरा. एक टोक मला धरायला दिलं. मंगलाष्टकं चालू होती आणि आम्ही दोघी पानापानाला गोंडे बांधत होतो. माझा एक उलटा बसला, तो त्यांनी सोडायला लावला. शिक्षिका आहेत.

तोरण आता भयंकर दिसतं. मूळची पानं दिसतसुद्धा नाहीत. त्यांनी ते स्वतः गाडीत नेलं आणि इशिताच्या नव्या घराच्या दाराला लावलं, असं इशितानं काल फोनवर सांगितलं. तू जाशील तेव्हा बघ. डावीकडून तिसरा गोंडा किंचित वाकडा आहे, तो माझा.

नीलू